मधले दहा आठवडे

बारावी विज्ञानाची लेखी परीक्षा मार्चमध्ये आटोपते. एप्रिल-मे सीईटीत आणि जेईईत जातात. त्यानंतर निकाल, पर्सेंटाइल, कॅप राउंड, कटऑफ, कागदपत्रांची पडताळणी असं करत पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग प्रत्यक्ष भरायला बरेचदा ऑगस्ट उजाडतो. दोन वर्षं क्लासच्या वेळापत्रकावर धावलेल्या मुलांच्या हातात अचानक दहाएक आठवडे मोकळे येतात. मिरा रोड किंवा भाईंदर स्टेशनबाहेर पडलं की 'पायथन', 'फुल स्टॅक', 'एआय' अशा पाट्या दिसतात, आणि घरची माणसं म्हणतात, नुसता बसू नकोस, एखादा कोर्स कर.

त्या दहा आठवड्यांचं काय करता येईल, हा या प्रकरणाचा विषय आहे. कम्प्युटर सायन्स किंवा आयटीच्या पदवीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी, प्रवेश होण्याआधी, याच शहरात एक अभ्यासक्रम आखायचा असेल तर त्यात काय शिकवावं, कोणत्या क्रमानं शिकवावं आणि काय खुशाल सोडून द्यावं?

आधी वर्गात कोण येईल ते पाहू. काहींनी अकरावी-बारावीला बायफोकल कम्प्युटर सायन्स घेतलेलं असेल. राज्य मंडळाचा हा दोनशे गुणांचा विषय. दुसरी भाषा आणि बहुतेकदा जीवशास्त्र सोडून तो घेतला जातो. दोन पेपर, प्रत्येकी ५० गुणांची लेखी आणि ५० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रात्यक्षिकांमुळे गुण चांगले पडतात, म्हणून या जागांसाठी चढाओढ असते. काहींनी शंभर गुणांचा आयटी घेतलेला असेल. त्यांना वेब पानं, जावास्क्रिप्ट, थोडं पीएचपी ठाऊक असतं. सीबीएसईतून आलेली मुलं पायथन आणि मायएसक्यूएल शिकलेली असतात. आणि बराच मोठा गट असा, की ज्याने यातलं काहीच केलेलं नाही, पण गणित पक्कं आहे आणि पहिल्या पसंतीला कम्प्युटर इंजिनिअरिंग भरलं आहे. ऑगस्टमध्ये ही चारही प्रकारची मुलं एकाच बाकावर बसणार आहेत.

बायफोकलवाल्यांना सगळं येतं आणि बाकीच्यांना काहीच येत नाही, असा समज असतो. तो फार टिकत नाही. बायफोकलच्या मुलांनी बारावीच्या पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल केलेलं असतं. बऱ्याच लॅबमध्ये अजूनही टर्बो सी प्लस प्लसची निळी स्क्रीन असते. १९९० साली आलेलं हे सॉफ्टवेअर, १९९८मध्ये सी प्लस प्लसचं जागतिक प्रमाण ठरलं त्याच्याही आधीचं. तिथे चाललेला प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर नव्या कम्पायलरला दिला, की पहिल्याच ओळीला तक्रार येते आणि मुलगा गोंधळतो. याहून मोठी अडचण जर्नलची आहे. प्रात्यक्षिकांचं जर्नल सबमिशनच्या आठवड्यात एकावरून दुसऱ्यानं उतरवलेलं असतं. प्रोग्राम पाठ असतो. त्यातली एक अट बदलली तर काय होईल हे सांगता येत नाही.

दुसरा पेपर मात्र मला मनापासून आवडतो, आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त टीका होते. त्यात इंटेलचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकवतात. १९७६ सालची ही चिप आज कोण वापरतो, असं पालक विचारतात. वापरण्यासाठी ती शिकवायचीच नाही. ८०८५ इतका लहान आहे, की बारावीच्या मुलाच्या डोक्यात तो पूर्ण मावतो. कुठल्या रजिस्टरमध्ये काय आहे आणि पुढच्या सूचनेनंतर काय होईल, हे तो बोट ठेवून सांगू शकतो. आजच्या कुठल्याही प्रोसेसरबाबत हे शक्य नाही.

एकच प्रयोग वर्गात सावकाश करून पाहावा. ८०८५च्या ॲक्युम्युलेटरमध्ये आठ बिट मावतात, म्हणजे सगळ्यात मोठी संख्या २५५. त्यात २०० ठेवा आणि १०० मिळवा. उत्तर येतं ४४. मुलं आधी प्रोग्राम चुकला असं समजतात आणि पुन्हा टाइप करतात. पुन्हा ४४. मग कुणीतरी ३००मधून २५६ वजा करतं आणि वर्गात कुजबुज सुरू होते. ते हरवलेले २५६ कुठे गेले? कॅरी नावाच्या एका बिटमध्ये १ उमटलेला असतो. तो विचारला तर हिशेब बरोबर, न विचारला तर खोटा. यंत्रानं चूक केलेली नाही, त्यानं त्याच्या मापात बसेल तेवढं ठेवलं आणि उरलेल्याची खूण एका कोपऱ्यात केली.

माझ्या मते या दहा आठवड्यांचा सगळा अभ्यासक्रम या एका अनुभवाभोवती रचायला हवा. बाहेरचं जग यंत्राच्या मापात बसवायचं, आणि बसवताना काय सांडलं हे ओळखायचं. लूप, फंक्शन, ॲरे, पायथन की सी प्लस प्लस, हे सगळं त्यासाठी लागणारं साहित्य. आपल्याकडे शाळांत कम्प्युटर आला तो १९८४च्या सुमारास 'क्लास' नावाच्या केंद्र सरकारच्या प्रकल्पातून, ब्रिटनमधल्या बीबीसी मायक्रो यंत्रांसह. तेव्हापासून शिकवण्याचा भर यंत्राची ओळख करून देण्यावर राहिला. नंतर आयआयटी मुंबईनं शाळांसाठी 'कम्प्युटर मस्ती' ही पुस्तकं तयार केली, पुढे एसीएम इंडियानं 'सीएसपाठशाला' हा उपक्रम सुरू केला, आणि दोन्हींनी विचार करण्याच्या पद्धतीला पुढे आणलं. न्यूझीलंडमधले टिम बेल आणि त्यांचे सहकारी तर 'सीएस अनप्लग्ड'मध्ये कम्प्युटरला हातही न लावता अल्गोरिदम शिकवतात. तरीही अकरावी-बारावीच्या पातळीवर, आपल्या गावातलं उदाहरण घेऊन, हे फारसं होताना दिसत नाही.

आपलं गाव म्हणजे कुठलं? मिरा-भाईंदर म्हटलं की डोळ्यांसमोर लोकलची गर्दी आणि शांती नगरचे सेक्टर येतात. पण महापालिकेच्या हद्दीतच उत्तन, चौक, पाली आणि डोंगरी आहेत, समुद्राला लागून. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात. म्हणजे आपला अभ्यासक्रम चालू असताना त्या गावांतली मुलं आणि त्यांचे वडीलही घरी असतात. पहिल्या आठवड्याचा धडा त्यांच्याकडूनच घ्यावा.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. ओहोटी सहा तासांनी. वृद्ध माणसं हे एका दमात सांगतात, कारण एके काळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत असत.

हा पूर्ण अल्गोरिदम आहे. इनपुट एक संख्या, आउटपुट एक वेळ, मध्ये एकच क्रिया. याचा प्रोग्राम दोन ओळींचा होतो आणि ज्याने कधी प्रोग्राम लिहिला नाही तोही तो अर्ध्या तासात लिहितो. पण पहिल्या दिवशी लिहू द्यायचा नाही. आधी कागदावर दोन रकाने आखायचे, एकात तिथी, दुसऱ्यात वेळ, आणि एक ते पंधरा सगळ्या वेळा हातानं काढायच्या. मग त्याखाली वद्य प्रतिपदा लिहायची.

इथे काहीतरी खटकतं. पौर्णिमेला सव्वाअकरा होते. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता. रोज पंचेचाळीस मिनिटांनी पुढे सरकणारी भरती एका रात्रीत दीड तास पुढे गेली! समुद्र असं करत नाही. मग ही उडी आली कुठून?

मुलांना उत्तर शोधू द्यावं. दिवस गेला तरी चालेल. चांद्रमासात तीस तिथी असतात, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाचा चोवीस तासांचा फेरा पुरा करून मूळ जागी येते. चोवीस तासांची मिनिटं १४४०. भागिले तीस, म्हणजे दर तिथीला सरासरी ४८ मिनिटं. रीत धरते ४५. तीन मिनिटांचा फरक रोज साचत जातो, पंधरा तिथींत तो पंचेचाळीस मिनिटांचा होतो, आणि पक्ष बदलताना मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली की तो एका फटक्यात वसूल होतो. आपल्या पूर्वजांनी ४८च्या जागी ४५ घेतले ते हिशेब तोंडी करता यावा म्हणून, आणि चूक वाढत जाऊ नये म्हणून दर पंधरवड्याला काटा शून्यावर आणला. होडी काढायला पाऊण तासाची अचूकता पुरेशी होती. अंदाज कितपत चुकला तर चालतो, हे आधी ठरवून मग सोपं सूत्र निवडणं, ही अभियंत्याची रीत झाली.

मुंबई महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी वेळांसह जाहीर करते. ती घ्यावी, पंचांगातून त्या त्या दिवसाची तिथी शोधावी, आणि रीत व खरी वेळ यांतला फरक काढावा. लगेच नवी डोकेदुखी. पंचांगात कधी एखाद्या तिथीचा क्षय असतो, तर कधी एकच तिथी सलग दोन दिवसांच्या सूर्योदयाला असते. प्रोग्रामला त्या दोन्ही दिवशी एकच वेळ द्यायची का? इथे उत्तर पाठ असलेला कुणी वर्गात नसतो, शिक्षकही नाही. मग कुणी म्हणतं, तिथीऐवजी अमावस्येपासूनचे दिवसच मोजू. कुणी म्हणतं, ४५ किंवा ४८ असं आधी न ठरवता जाहीर वेळांना सगळ्यात जवळ जाणारा आकडाच शोधू. आकड्यांतून सूत्र बसवण्याचं जे शास्त्र पुढे मशीन लर्निंगपर्यंत जातं, त्याच्या दारात मुलं पहिल्याच आठवड्यात येऊन उभी राहतात.

दुसऱ्या आठवड्यापासून पायथन घ्यावा. सी प्लस प्लस घेतल्यास बिघडत नाही. आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांनी चित्रं काढणाऱ्या कासवाच्या मदतीनं तो किती सुंदर शिकवला आहे, हे त्यांच्या पुस्तकात पाहायला मिळतं. पण वेळ कमी असेल तर पायथन बरा, आणि त्याचं एक कारण आपल्या लिपीशी जोडलेलं आहे. त्याला देवनागरी कळते. म्हणजे कळते असं वाटतं.

मुलांना आपल्या शहराचं नाव टाइप करायला सांगावं: भाईंदर. यात अक्षरं किती? भा, ईं, द, र. चार. पायथनला लांबी विचारली तर तो सहा म्हणतो. तो भ, काना, ई, अनुस्वार, द आणि र असं वेगवेगळं मोजतो. हाच शब्द फाइलमध्ये साठवला की त्याला अठरा बाइट लागतात, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. चार, सहा, अठरा. तिन्ही उत्तरं बरोबर, फक्त प्रश्न तीन वेगळे. आता हा शब्द उलटा करायचा नेहमीचा प्रोग्राम चालवा. इंग्रजीत जो प्रोग्राम बिनतक्रार चालतो, तो इथे अनुस्वार दवर नेऊन ठेवतो, काना ईला चिकटवतो आणि भ उघडा पाडतो. कुठलंही पाठ्यपुस्तक न उघडता मुलांना समजतं की 'अक्षर' ही वस्तू यंत्रात नाहीच. तिथे नुसते क्रमांक आहेत आणि ते कसे जोडायचे याचे नियम आहेत.

या क्रमांकांमागे इतिहासही आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८८मध्ये इस्की नावाची सांकेतिक पद्धत ठरली आणि युनिकोडनं देवनागरीची मांडणी तिच्यावरून घेतली. त्या मांडणीत ळ हा लच्या लगेच पुढे आहे. मराठी वर्णमालेत ळ येतो हनंतर. याचा परिणाम पाहायचा तर हजेरीपटातली तीन आडनावं घ्या: काळे, कावळे, काशीद. पायथनला ती क्रमानं लावायला सांगितलं तर तो याच क्रमानं लावतो. मराठी शब्दकोशाच्या क्रमानं लावली तर कावळे, काशीद, काळे अशी यायला हवीत. क्ष आणि ज्ञ तर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरं म्हणून नाहीतच, ती जोडाक्षरं आहेत. त्यामुळे क्षीरसागर कच्या गर्दीत जाऊन बसतात. मराठी क्रम लावणारा प्रोग्राम लिहा, असं सांगितलं की तिसरा आणि चौथा आठवडा कसा गेला कळत नाही. लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन, तुलना, सॉर्टिंगच्या रीती, सगळं त्यात येऊन जातं, आणि प्रत्येक गोष्ट कशासाठी आली हे मुलांना माहीत असतं. शहराचं नाव 'मिरा' असंही लिहितात आणि 'मीरा' असंही. एका वेलांटीमुळे शोध कसा फसतो, हे जाता जाता दाखवून द्यावं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात वर सांगितलेला ८०८५ आणावा, सिम्युलेटरवर. तोवर मुलांनी पायथनमध्ये मोठमोठे आकडे बिनदिक्कत मिळवलेले असतात, त्यामुळे ४४चा धक्का नीट बसतो.

त्यानंतर शेवटचा मोठा प्रकल्प: मिरा रोडहून ठाण्याला जायचं. ठाणं जिल्ह्याचं ठिकाण, कामं तिथे, आणि आपल्या लोकलला थेट ठाणं नाही. पश्चिम रेल्वेनं दादरला उतरून, पूल चढून, मध्य रेल्वेनं परत वर या. नाहीतर काशिमिरा, फाउंटन हॉटेल, गायमुख असं घोडबंदर रस्त्यानं बसनं जा. तिसरी वाट सहसा कुणाला आठवत नाही: उलट्या दिशेनं वसई रोड, तिथून दिव्याची गाडी, दिव्याहून ठाणं.

कागदावर ठिपके काढायचे, रेषा जोडायच्या, रेषांवर मिनिटं लिहायची. आकडे वर्गानंच धरावेत. समजा रेल्वेनं दादर ५०, दादर ते ठाणे ३५. बेरीज ८५. लगेच कुणीतरी हरकत घेतं: पूल चढायला वेळ लागत नाही का? मग दादरचा एक ठिपका पुसून दोन काढावे लागतात, दादर पश्चिम आणि दादर मध्य, मध्ये दहा मिनिटांची रेष. बेरीज ९५. नकाशावर एक असलेलं दादर हिशेबात दोन झालं. हे मुलांच्या तोंडून यायला हवं, शिक्षकानं आधी सांगू नये. रस्त्यानं काशिमिरा १५, तिथून गायमुख २५, पुढे ठाणे ३०, एकूण ७०. बस जिंकली. आता गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला आणि २५चे ६० झाले. बेरीज १०५, आणि दादरचा वळसा अचानक शहाणपणाचा ठरला. वसई-दिवा मार्गावर तर गाड्याच मोजक्या. तिथल्या रेषेचं वजन आपण वसईला किती वाजता पोचतो यावर ठरतं. रेषेवर एक आकडा लिहून भागत नाही, तिथे वेळापत्रकच लिहावं लागतं.

एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९५६मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून, रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वांत जवळचा मार्ग कसा काढावा याचा विचार केला आणि सुमारे वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, रीत शोधून काढली. १९५९मध्ये ती छापून आली. रीत इतकी साधी आहे की मुलं खडूनं जमिनीवर ठिपके काढून ती चालून दाखवतात: पोचायला सगळ्यात कमी वेळ लागणारा ठिपका आधी पक्का करायचा, त्याच्या शेजाऱ्यांच्या वेळा सुधारायच्या, मग उरलेल्यांतला सगळ्यात जवळचा पक्का करायचा. एकदा पक्का केलेला ठिपका पुन्हा का बदलावा लागत नाही, हा प्रश्न चुकवू नये. पुढे पदवीला जी सिद्धता फळ्यावर येणार आहे, ती हीच. दुसरी कुठलीही वाट आधीच जास्त लांब असलेल्या ठिपक्यातून येणार, आणि वेळ कधी उणा होत नाही, म्हणून.

आता वर्गाच्या व्यवहाराचं. आठवड्यातून तीन सकाळी, दोन-दोन तास, म्हणजे एकूण साठ तास. पण मजकूर आठ आठवड्यांचाच आखावा. जुलैत मुसळधार पावसात सखल भागात पाणी भरतं आणि गाड्या रखडतात, त्यात कॅप राउंडच्या यादीच्या दिवशी निम्मा वर्ग सायबर कॅफेत असतो. जागेसाठी वेगळं काही भाड्यानं घ्यायची गरज नाही. शाळा-कॉलेजांच्या लॅब सुट्टीत रिकाम्या असतात आणि संस्थेला गाठून नीट सांगितलं तर मिळतात. चोवीस मुलांना बारा यंत्रं पुरतात, नव्हे, बाराच असावीत. दोघांनी एका यंत्रावर बसायचं, एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं विचारत राहायचं, अर्ध्या तासानं अदलाबदल. लॅपटॉप घ्या म्हणून पालकांना सांगू नये. घरच्या सरावाला मोबाइलच्या ब्राउझरवर चालणारा पायथन पुरतो.

जोड्या लावताना बायफोकलची मुलं नवख्यांबरोबर बसवावीत, हा मोह टाळावा. जाणकार टाइप करत सुटतो आणि नवखा बघत बसतो. पहिले तीन आठवडे सारख्यांबरोबर सारखे, आणि मग मिसळावं.

भाषेचं काय? या शहरातल्या वर्गात मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांतून आलेली मुलं शेजारीशेजारी बसतात. अकरावी-बारावीत सगळ्यांनी इंग्रजीतून व्याख्या पाठ केलेल्या असतात. लूपची व्याख्या विचारली तर सुरेख इंग्रजीत येते. हा लूप किती वेळा फिरेल, असं विचारलं की शांतता. म्हणून प्रोग्राम समजावून सांगताना प्रत्येकानं घरच्या भाषेत बोलायचं, असा नियम ठेवावा. पारिभाषिक शब्द आहेत तसेच राहू देत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठीतले व्हिडिओ मोफत आहेत, ते घरी पाहायला द्यावेत.

चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरात आला आणि जर्नल उतरवणं आणखी सोपं झालं. वर्गात त्यावर बंदी घालून उपयोग नाही, मुलं घरी वापरणारच. उपाय जुनाच आहे, कॉलेजातले शिक्षक त्याला ड्राय रन म्हणतात. कुठलाही प्रोग्राम चालवण्याआधी वहीत रकाने आखून प्रत्येक ओळीनंतर प्रत्येक चल राशीची किंमत लिहायची, शेवटचं उत्तर लिहायचं, आणि मगच एंटर दाबायचं. प्रोग्राम स्वतः लिहिलेला असो, मित्राचा असो की एआयनं दिलेला. उत्तर जुळलं नाही तर चूक वहीत आहे की प्रोग्राममध्ये, हे शोधेपर्यंत पुढे जायचं नाही. यात वेळ जातो, पहिल्या दोन आठवड्यांत मुलं कंटाळतात, काही गळतातही. तरी हा नियम सैल करू नये. मूल्यमापनही त्यातूनच करावं: दुसऱ्या जोडीचा प्रोग्राम समोर ठेवून, त्यात एक ओळ बदलली तर काय होईल, एवढंच विचारायचं. ज्यांना आणखी आव्हान हवं त्यांना झोनल इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका द्याव्यात. ती स्पर्धा कागद-पेन्सिलीची आहे, कम्प्युटर लागत नाही, आणि तिचे प्रश्न बुद्धीला चांगलाच घाम फोडतात.

पावसातून आणि यादीच्या दिवसांतून जे तास वाचतील, ते सी भाषेला द्यावेत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची सुरुवात अनेक ठिकाणी तिनंच होते. नवे प्रोग्राम देऊ नयेत; पायथनमध्ये केलेला भरतीचाच प्रोग्राम सीमध्ये उतरवायला सांगावा. बहुतेक मुलं तिथी गुणिले कंसात तीन भागिले चार असं लिहितात आणि प्रत्येक तिथीला उत्तर शून्य येतं, कारण सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असतो आणि तीनात चार एकदाही जात नाहीत. कंस काढला की एकादशीला आठ येतात, वरचा पाव तास गळून जातो. दशांश संख्या वापरली तर सव्वाआठ मिळतात, पण ते आठ पूर्णांक पंचवीस शतांश असे छापले जातात आणि कुणीतरी ते आठ वाजून पंचवीस मिनिटं असं वाचतं. शेवटी एखादी जोडी तिथीला पंचेचाळीसनं गुणते, सगळा हिशेब मिनिटांत करते आणि छापताना साठनं भागून तास आणि बाकी मिनिटं वेगळी काढते. त्या जोडीला फळ्यावर बोलवावं आणि बाकीच्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत.